न लावलेला कौल

बाबांनी तांब्यातल्या पाण्यात पाकळी बुडवली, रवळनाथाच्या उजव्या खांद्यापर्यंत हात नेला आणि तसाच मागे घेतला. पाकळी तबकात परत ठेवून ते गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहिले.

“हो कौल मी लावूचंय नाय,” ते म्हणाले.

सगळं आंबेखोल गाव देवळात जमलं होतं. पुढे मानकरी, त्यांच्या शेजारी काजू कारखान्याचे चेअरमन भाई तेंडोलकर, आणि खांबांच्या पलीकडे कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायका. मी त्या बायकांच्या मागे, भिंतीला टेकून. क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. आमच्या घराण्याकडे देवाची गुरवकी किती पिढ्यांची होती ते आजोबांनाही सांगता येत नसे. देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गावाचं गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठे खणायची इथपासून मुलगी कुठे द्यायची इथपर्यंत सगळं गाव त्या पाकळ्यांना विचारी. बाबांनी कधी कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

“म्हादू, ह्या काय?” भाई उठून उभे राहिले. “गावान इचारलेलो कौल गुरवान नाकारूचो नसता.”

“नसता. माका म्हायत आसा.”

“मगे?”

“मगे काय नाय. दुसरो गुरव बगा.”

मानकऱ्यांची आपसांत कुजबुज झाली. थोरल्या मानकऱ्यांनी ‘सोमवारपर्यंत इचार कर’ एवढं सांगून माणसं उठवली. बायका मात्र उठेनात. त्या बाबांकडे बघत होत्या आणि मग एकेक करून माझ्याकडे बघू लागल्या, कारण हे सगळं सुरू झालं होतं ते माझ्यामुळे.

त्या वर्षी मी पुण्यात पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होते. विषयाचं नाव लांबलचक: व्यवस्थापनाच्या निर्णयांना साहाय्य करणारं तंत्रज्ञान. गावात ते नाव कुणाच्या तोंडात बसत नसे, म्हणून ‘म्हादू गुरवाचा चेडू कॉम्प्युटर शिकता’ एवढ्यावर भागे. आमच्या मार्गदर्शक नाडगौडा बाई कडक होत्या. खोटी उदाहरणं त्यांना चालत नसत. “खरी संस्था शोध, खरा प्रश्न शोध, आणि निर्णय घेणारी माणसं तुझ्यासमोर बसव. ते जमलं नाही तर प्रबंध माझ्या टेबलावर आणू नकोस,” असं त्यांनी बजावलं होतं.

खरा प्रश्न मला घरीच सापडला. आमच्या भागातल्या सहकारी संस्थेचे काजूचे दोन कारखाने होते, एक आंबेखोलात आणि एक हमरस्त्यावर धामणीला. दोन्ही चालवणं संस्थेला झेपत नव्हतं. हंगाम सुरू व्हायच्या आत एक बंद करायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुठला ते कुणीच बोलत नव्हतं. मी भाईंना भेटले, तर ते इतके खूश झाले की मलाच संकोच वाटला.

“अगो हेमू, देवासारखी इलंस! आता कसा, मशीन सांगात ता सगळ्यांका मान्य. आमी मोकळे.”

संस्थेच्या ऑफिसात एकच संगणक होता. दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यावर अजून दिसत होतं, आणि एरवी तो प्लॅस्टिकच्या झाकणाखाली सोवळ्यात असे. मी झाकण काढलं, फ्लॉपी घातली आणि संचालकांना एकेक करून बोलावलं. पद्धत सोपी होती. दोन गोष्टी समोर ठेवायच्या आणि विचारायचं, यातली तुम्हाला कुठली जास्त महत्त्वाची, आणि किती? वाहतुकीचा खर्च की बायकांचा रोजगार? इमारतीची अवस्था की मालाचा दर्जा? त्यांच्या उत्तरांवरून यंत्र त्यांचंच मन नीट मांडून त्यांना दाखवणार. बाई म्हणत, आपलं काम निर्णय देण्याचं नव्हे, घेणाऱ्याला आरसा धरण्याचं.

पण आमचे संचालक आरशात बघायला तयार नव्हते. चहा आला, बिस्किटं आली, माझ्या लग्नाची चौकशी झाली, आणि उत्तर मात्र प्रत्येकाचं तेच: “सगळाच सारख्या महत्त्वाचा.” कुठल्याही जोडीत एकालाही झुकतं माप नाही. एक संचालक आंबेखोलचे, एक धामणीचे, बाकीचे दोन्हीकडच्या सोयऱ्याधायऱ्यांत अडकलेले. इथे काही बोललो तर तिथे वाईट दिसेल. यंत्रासमोरही त्यांना वाईट दिसायचं नव्हतं. मी चिडले, पुन्हा बसवलं, समजावलं. “तुका काय वाटता ता घाल, आमी सही करतो,” हे ऐकून तर मी तिथून उठून आले.

सगळंच सारखं धरल्यावर यंत्राने दुसरं काय करायचं? धामणीचा रस्ता चांगला आणि इमारत नवी, म्हणून पडद्यावर धामणी वर आली. मी भाईंना परोपरीने सांगितलं की हे उत्तर नाही, हे नुसतं तुमच्या न बोलण्याचं गणित आहे, अजून एकदा सगळ्यांना बसवू. त्यांनी मान डोलावली. मी घरी पोचायच्या आत गावभर झालं होतं, ‘कॉम्प्युटरान आंबेखोल काढल्यान.’

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीकाकी आमच्या पडवीत येऊन बसली. कारखाना उघडला तेव्हापासून ती तिथे काजू फोडत होती. काजूच्या टरफलातल्या तेलाने तिची बोटं नखांपासून पेरांपर्यंत काळी झालेली, आणि साल गेलेल्या जागी गुलाबी. नवरा गेल्यावर त्याच बोटांवर तिने दोन मुली वाढवल्या होत्या. धाकटीचं लग्न त्या वैशाखात ठरलं होतं.

“हेमू बाय, एक इचारू?” ती म्हणाली. “आमचा काय चुकला?”

“कोणाचा काय चुकला नाय गो काकी.”

“मगे मशीनीन आमका कित्याक काढल्यान? आमच्याकडना गराचो तुकडो जास्त पडता काय? धामणीच्या बायको आमच्यापेक्षा बरा फोडतत?”

“तसा नाय. मशीन तुमका बगतच नाय.”

ती जवळ सरकली. मग माझा हात धरून म्हणाली, “तुझ्या हातात आसा तर सांग गो तेका. म्हणा, ह्यो बायको बऱ्या आसत.”

इतकी वर्षं शिकून मी या बाईला हेही पटवू शकत नव्हते की तिची परीक्षा कुणी घेतलीच नव्हती. ती नापास झाल्यासारखी मान खाली घालून गेली.

मग भाईंनीच कौलाची टूम काढली. यंत्राने सांगितलंच आहे, आता आंबेखोल बंद करू का म्हणून देवाचाही कौल घेऊ, म्हणजे गावात कुणाच्या मनात किल्मिष नको. मी देवळात गेले ती, खरं सांगायचं तर, डावी पाकळी पडावी म्हणून. पुण्याला तंत्रज्ञान शिकणारी मी, भिंतीला टेकून रवळनाथाला विनवत होते की माझं यंत्र खोटं पाड. आणि बाबांनी कौल लावलाच नाही.

म्हणून घरी आल्या आल्या मी त्यांच्यावर तुटून पडले.

“एक पाकळी लावची होती, बाबा! डावी पडली असती तर बायकांचा काम वाचला असता. तुमका माझ्या रिपोर्टाची भीड वाटली?”

बाबा अंगणात पायांवर पाणी घेत होते. आई आत चुलीपाशी. बाबांनी तांब्या कट्ट्यावर ठेवला आणि पडवीच्या पायरीवर बसले.

“उजवी पडली आसती तर?”

“तर… तर देवाची मर्जी.”

“बग,” ते म्हणाले, “तू पण तसाच म्हणतस.”

मी त्यांच्या शेजारी बसले. समोरच्या फणसाखाली कोंबड्या माती उकरत होत्या, त्यांच्याकडे ते बघत राहिले. मग अचानक म्हणाले, “नारूचा तुका काय म्हायत आसा?”

नारायण माझा थोरला भाऊ. मी जन्मायच्या आधी गेला. घरात त्याचा फोटो नव्हता. ‘तापान गेलो, देवान नेल्यान’ या पलीकडे कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मी तेच सांगितलं.

“ताप होतो खरो,” बाबा म्हणाले. “कंपाउंडर म्हणालो, ह्या माझ्या हातातला न्हय, बेळगावाक न्हेवा. रस्त्यार सामंताचो ट्रक उभो होतो. ड्रायव्हर म्हणालो, घाला पोराक, मी सोडतंय. तुझ्या आवशीन पोरग्याक गोधडीत गुंडाळल्यान आणि दारात उभी ऱ्हवली. मी काय केलंय?”

त्यांनी धोतराच्या सोग्याने पाय पुसले.

“मी देवळात गेलंय. म्हटलंय कौल लावतंय. घाटात गाडयेत पोर गेलो तर लोका म्हणतली, बापसान मारल्यान. नाय न्हेलंय आणि गेलो तरी तेच म्हणतली. मगे देवाकच इचारूक बरा. डावी पडली. मी ट्रक परत धाडलंय.”

“बाबा…”

“दोपारी पोर गेलो.” त्यांचा आवाज बदलला नव्हता. “गावान माका दोष दिल्यान नाय. सगळी म्हणाली, देवाच्या मनात होता. तुझ्या आवशीन सुद्धा तोंडातसून शबूद काडल्यान नाय. आणि माका म्हायत होता गो. ट्रक बगल्याबरोबर म्हायत होता, न्हेवक व्हयो. मी भियालंय म्हणान इचारलंय. ज्या म्हायत नाय ता देवाक इचारूचा. म्हायत आसताना इचारूचा ता आपला मरण देवाच्या गळ्यात बांधूचा.”

त्यांनी डोळे पुसले नाहीत. पाणी तसंच वाहू दिलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“भाईक काय करूचा ता म्हायत आसा,” ते म्हणाले. “तेच्या तोंडार दिसता. तो तुझ्या मशीनीक भिवान इचारता आणि आता माझ्या देवाक भिवान इचारता. मी एकदा लावलंय तसलो कौल. आता लावूचंय नाय, गुरवकी गेली तरी.”

आतून भांड्याचा आवाज येत होता तो थांबला होता. मला तेव्हा ते जाणवलं नाही.

सकाळी मी भाईंच्या घरी गेले. ते पोफळीच्या बागेत पाण्याचे पाट वळवत होते. मला बघून त्यांनी फावडं टेकवलं.

“काय गो, बापूस तयार झालो?”

“नाय. भाईनू, एक इचारतंय. मशीन नाय, देव नाय. तुमी एकट्यान ठरवचा असता तर खंयचो कारखानो बंद केलो असतो?”

“माझ्या एकट्याच्या म्हणण्याक काय…”

“तरी पण.”

त्यांनी पाटातली पानं काढली, पुन्हा टाकली. मी हलले नाही. लहानपणापासून मी अशीच हट्टी. आई म्हणते, घोरपडीच्या नक्षत्रावर जन्मली.

“आंबेखोलचो,” शेवटी ते म्हणाले. “भट्टीची भिंत तडकली हा. हंगामात कोसळली तर बायकांच्या अंगार पडात. नवीन बांधूक संस्थेकडे काय नाय.”

“ह्या कदीपासना ठाऊक तुमका?”

“गेल्या हंगामापासना. इंजिनेराक आणून दाखवलंय मी, गुपचूप.”

मला संताप आला, आणि त्याच वेळी तो माणूस किती दमलाय हेही दिसलं. “मगे सांगलात कित्याक नाय?”

“कोणत्या तोंडान सांगू?” ते एकदम ओरडले. “तो कारखानो मी उघडलंय. घराघरांत जावन बायकांका मी बोलावलंय. शेवंतीचो घोव गेलो तेवा मीच तिका म्हटलंय, रडा नको, कारखानो आसा. आता तिच्या दारात जावन काय सांगू, चेडवाच्या लग्नाच्या आधी?”

“ह्याच सांगा.”

“तू सांग मशीनीचा कागद दाखवून. तुका काय, तू पुण्याक जातली.”

“मी कागद देवचंय नाय, भाईनू.” मी म्हणाले. “त्या कागदावर तुमचा मन नाय. तुमी बायकांका स्वतः सांगल्याशिवाय माझो रिपोर्ट कोणाक गावचो नाय.”

“आणि तुझी परीक्षा? संस्थेचा पत्र नसला तर बाई तुका पास करतली?”

“ऱ्हवली तर ऱ्हवली परीक्षा.”

मी म्हटलं खरं, पण ते इतकं सोपं नव्हतं. ती पदवी हे आमच्या घरातलं पहिलं मोठं स्वप्न होतं. बाबांनी देवळात गुरवाच्या वाट्याला येणाऱ्या नारळांवर मला शिकवलं होतं.

भाई त्याच दिवशी कारखान्यात आले. दुपारी बायका जेवायच्या सुट्टीत आवारातल्या आंब्याखाली डबे उघडून बसल्या होत्या. मी शेवंतीकाकीच्या शेजारी होते. भाई एकटेच चालत आले, गाडी न घेता. टोपी काढून त्यांनी हातात धरली. सगळ्यांचे घास थांबले.

“ह्यो कारखानो बंद करूचो आसा,” ते म्हणाले. “कॉम्प्युटरान सांगल्यान म्हणान न्हय. देवान सांगल्यान म्हणानय न्हय. मी बंद करतंय. भट्टीची भिंत पडाक इली हा, आणि बांधूक माझ्याकडे नाय. गेल्या हंगामात माका कळला. मी तुमका सांगूक नाय. भियालंय.”

वर आंब्याला मोहोर आला होता, त्यावर माश्या घोंघावत होत्या तेवढाच आवाज. मग एक तरुण बाई रडायला लागली. दुसरीने डबा बंद केला. शेवंतीकाकी मात्र उठली आणि आपले काळे हात पदराला पुसत भाईंच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

“गेल्या हंगामात?” तिने विचारलं.

“होय.”

“मी भट्टीच्या बाजूकच बसतंय. दर दिसा.”

भाईंनी मान खाली घातली.

“गेल्या हंगामात सांगला असता तर मी धामणीक जावन काम मागला असता. धाकटीच्या लग्नाची घाई केली नसती. वरीसभर तुमी माका दिसाक दोनदा बगलात आणि ‘बरा मा शेवंती?’ म्हणालात.”

“माझा चुकला.”

तिने त्यांना शिव्या दिल्या. मी काकीच्या तोंडून शिवी कधी ऐकली नव्हती. तिने भाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यांच्या टोपीचा, त्यांच्या ‘बरा मा’चा. आवाज चढत गेला, फुटला, आणि ती ढसाढसा रडत खाली बसली. भाई जागचे हलले नाहीत. तिने नाक पुसलं, श्वास घेतला आणि जड आवाजात म्हणाली, “बसा आता. ऐन उन्हात उभे काय ऱ्हवतास. धामणीक किती बायको घेशात ता सांगा.”

मग बोलणी झाली, खरीखुरी, वादावादीची. धामणीला निम्म्याच बायकांची सोय होत होती. विधवा आणि एकट्या बायकांनी आधी जावं हे बायकांनीच ठरवलं. ने-आण करायला संस्थेचा टेंपो मिळवला, तोही भाईंशी भांडून. उरलेल्यांचं पुढे काय झालं ते सगळंच काही बरं नाही. काही मुंबईला धुणंभांड्यांना गेल्या, काही घरीच बसल्या. पण ‘आमचा काय चुकला’ असं त्यानंतर कुणी मला विचारलं नाही.

सोमवारी मानकऱ्यांनी बाबांची गुरवकी काढून चुलत्यांकडे दिली. नाकारला तो नाकारलाच, असं त्यांचं म्हणणं. मी प्रबंधात संचालकांची सारखीच उत्तरं जशीच्या तशी मांडली आणि यंत्राने काय दाखवलं यापेक्षा त्यांनी काय बोलायचं टाळलं यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. नाडगौडा बाईंनी ते तीनदा परत पाठवलं आणि चौथ्यांदा ठेवून घेतलं. आता मी तोच विषय शिकवते.

पण मला त्या दिवसातलं आठवतं ते कारखान्याचं आवार नव्हे. आठवते ती संध्याकाळ. काकीला घरी सोडून मी परतले तेव्हा आमच्या घरातून आवाज येत होता. आईचा होता. माझी आई हळू बोलणारी; शेजारी म्हणत, हिचं बोलणं ऐकायचं तर चुलीत डोकं घालावं लागतं. ती ओरडत होती. मी अंगणातच थबकले.

“गोधडीत गुंडाळून मी दारात उभी होतंय!” ती म्हणत होती. “माज्या हातात होतो तो. गरम होतो. ट्रकाचो आवाज येत होतो. आणि तुमी देवळात गेलात! माजो झील तुमी घालवलात, देवान नाय, तुमी!”

सव्वीस वर्षांत ती हे एकदाही बोलली नव्हती. आदल्या दिवशी चुलीपाशी तिने सगळं ऐकलं होतं, आणि रात्र-दिवस पोटात ठेवून आता बाहेर काढत होती. दारातून मला बाबांचा गुडघा आणि त्यावर ठेवलेला हात तेवढा दिसत होता.

बऱ्याच वेळाने तिचा आवाज खाली आला. मग नुसतं रडणं. आणि मग बाबांचा आवाज, अगदी साधा:

“होय. मीच घालवलंय.”

मला वाटलं, आता आई उठून जाईल. ती उठली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, “शेवटी तो काय म्हणालो होतो, आठवता तुमका?”

“पाणी मागल्यान.”

“नाय,” आई म्हणाली. “पाण्याच्या नंतर. तुमी तेवा भायर होतात. तुमका सांगूकच नाय मी.”

आणि ती बाबांना सांगू लागली. मी अंगणातूनच मागे फिरले आणि विहिरीकडे गेले. ते माझ्यासाठी नव्हतं.